‘एका संपाने गिरण्या बुडवल्या’ या दाव्याला चौकशी समित्यांच्या अहवालांचे उत्तर

दरवर्षी जानेवारीचा तिसरा आठवडा आला की गिरणी संपाविषयीचा एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘मुंबईच्या कापड गिरण्या सोन्यासारख्या चालल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांनी संप पुकारला, कामगारांनी न झेपणाऱ्या मागण्या केल्या आणि त्या एका संपाने सव्वाशे वर्षांचा धंदा संपवला. या उद्योगाचे पुढे काय होणार याची सरकारने वेळीच चौकशी केली असती तर गिरण्या वाचल्या असत्या. तसे झाले नाही, म्हणून मालकांपुढे जमिनी विकण्यावाचून मार्ग उरला नाही.’

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात होते. संपाने घरातली भांडी कशी बाहेर जातात आणि गावाकडे परत गेलेली माणसे पुन्हा मुंबईत का येत नाहीत, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. त्यामुळे त्या संपात चुका झाल्याच नाहीत असे म्हणण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु वरच्या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान कागदोपत्री नोंदींच्या विरुद्ध आहे, आणि तो वाचणाऱ्या नव्या पिढीला आपल्या आजोबांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असे वाटू लागले आहे. ते मला मान्य नाही.

सगळ्यात चुकीचे विधान आहे ते चौकशीविषयीचे, म्हणून सुरुवात तिथूनच केली पाहिजे. भारतातल्या कापड धंद्याइतक्या सरकारी चौकश्या फार थोड्या उद्योगांच्या वाट्याला आल्या असतील. १९२६ साली जपानी मालाच्या स्पर्धेने आणि चीनमधली सुताची बाजारपेठ हातची गेल्याने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या, तेव्हा फ्रँक नॉईस यांच्या अध्यक्षतेखाली टॅरिफ बोर्डाने चौकशी केली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर फॉसेट समिती बसली. १९३७ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने कापड कामगारांच्या वेतनाच्या चौकशीसाठी वेगळी समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने या उद्योगासाठी कार्यगट नेमला आणि त्याने गिरण्यांतली यंत्रे जुनाट झाल्याचे, त्यांतली पुष्कळशी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बसवलेली असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर १९५२ साली जी समिती नेमली गेली, तिने मुंबईच्या गिरण्यांचे भवितव्य इतर कोणत्याही एका घटनेपेक्षा अधिक ठरवले असे माझे मत आहे, आणि नेमके तिचेच नाव या मजकुरात कधी येत नाही.

ती म्हणजे नित्यानंद कानुनगो यांच्या अध्यक्षतेखालची वस्त्रोद्योग चौकशी समिती. नोव्हेंबर १९५२ मध्ये ती नेमली गेली आणि १९५४ साली तिने अहवाल दिला. देशाला लागणारे कापड पुढच्या काळात गिरणीने विणायचे, लहान कारखान्यांतल्या यंत्रमागाने विणायचे की हातमागाने, आणि कोणी किती विणायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. समितीने दिलेले उत्तर, फाटे सोडून सांगायचे तर, असे होते की गिरण्यांतल्या मागांची संख्या आहे तिथेच थांबवावी, कापडाची वाढती मागणी विकेंद्रित क्षेत्राने, म्हणजे यंत्रमाग आणि हातमागांनी, भागवावी, आणि साधा हातमाग साधारण पंधरा-वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने सुधारित मागात किंवा यंत्रमागात बदलत न्यावा. पुढच्याच वर्षी ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांविषयीच्या कर्वे समितीने गिरण्यांच्या विणाईवरची मर्यादा तशीच ठेवली. यंत्रमागाला मात्र तिने कानुनगो समितीइतके उत्तेजन दिले नाही आणि हातमागाची बाजू अधिक ठामपणे घेतली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर सरकारने हेच धोरण म्हणून स्वीकारले. गिरण्यांना नवे माग बसवायला बंदी झाली, आणि ऑटोमॅटिक माग हवे असतील तर निर्यातीची अट पुढे आली.

या धोरणामागे वाईट हेतू नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. हातमागावर लक्षावधी कुटुंबे जगत होती, खेड्यांत दुसरे काम नव्हते, आणि गिरणीला मोकाट सोडले तर सोलापूरपासून ओडिशापर्यंतच्या विणकरांचे काय होईल ही चिंता खरी होती. त्या काळी मी त्या समितीत असतो तर मलाही हा पेच सहज सुटला नसता. परंतु हेतू चांगला असला म्हणून परिणाम नाहीसे होत नाहीत, आणि परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतात. १९५१ साली देशातल्या गिरण्यांत सुमारे १ लाख ९५ हजार माग होते. तीस वर्षांनी, म्हणजे संपाच्या आदल्या वर्षी, ती संख्या २ लाख ८ हजारांच्या आसपास होती. याच काळात सूत कातणाऱ्या चात्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाखांवरून २ कोटींच्या वर गेली, कारण सूतकताईवर तसा निर्बंध नव्हता. देशाची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होत असताना गिरणीची विणाई जागच्या जागी थांबवून ठेवली होती. १९५१ मध्ये देशातल्या सुती कापडाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा गिरण्यांचा होता. १९८१ येईपर्यंत तो निम्म्याच्या बराच खाली आला होता. हा उतार संपाच्या आधीचा आहे आणि तो आखून दिलेला आहे.

ज्याने साचेखाते आतून पाहिलेले नाही त्याला मागांवरच्या बंदीचा अर्थ पटकन कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. साध्या मागावर धोट्यात, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या भागात, बसवलेली सुताची कांडी काही मिनिटांत संपते. ती संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, सुताचे टोक धोट्याच्या भोकातून ओढायचे आणि माग पुन्हा सुरू करायचा. ते टोक ओढण्यासाठी बरेच विणकर धोटा तोंडाला लावून सूत आत ओढून घेत. धूळ आणि कापसाचे तंतू त्याबरोबर छातीत जात. वडिलांच्या खोकल्याचा आवाज आम्हा भावंडांना दारापलीकडूनही ओळखता येत असे. ऑटोमॅटिक मागावर कांडी यंत्रच बदलते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. म्हणून जिथे साध्या मागावर एक विणकर दोन साचे, म्हणजे माग, सांभाळी, तिथे ऑटोमॅटिक मागावर तोच विणकर कितीतरी अधिक साचे सांभाळू शकतो, आणि कापडात खोटही कमी येते. जगातल्या इतर देशांतल्या गिरण्या या मागांकडे आणि पुढे बिनधोट्याच्या मागांकडे गेल्या. मुंबईच्या गिरण्या मात्र परवान्यासाठी अर्ज करत राहिल्या, किंवा अर्ज करण्याचाही त्रास न घेता जुन्या मागांवर नफा काढत राहिल्या. दोन्ही प्रकारचे मालक होते. कामगारांच्या बाजूनेही हा प्रश्न सोपा नव्हता, कारण दोनऐवजी तीन साचे एका माणसाने चालवावेत या मालकांच्या आग्रहावरूनच १९२८ चा संप पेटला होता आणि यंत्र वाढले की माणूस कमी होतो हे गिरणगावाला तेव्हापासून ठाऊक होते.

मग गिरणीने न विणलेले कापड कोणी विणले? कानुनगो समितीला अपेक्षित होते तसे हातमागवाल्याच्या घरी यंत्रमाग पोहोचलाच असे झाले नाही. फायदा झाला तो भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांचा. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला होता, परंतु त्या गावाची खरी वाढ झाली ती पन्नासच्या दशकानंतर. चार किंवा त्यापेक्षा कमी माग असलेल्या कारखान्याला अबकारी कर माफ होता. त्यामुळे एका छपराखाली चोवीस माग असले तरी कागदोपत्री ते सहा कारखाने होत: चार माग मालकाच्या नावावर, चार भावाच्या, चार बायकोच्या, चार मेव्हण्याच्या, आणि असेच पुढे. असे विभागलेले कारखाने कारखाना कायद्याच्याही बाहेर राहत आणि प्रॉव्हिडंट फंडाच्याही. १९६४ साली अशोक मेहता समितीने यंत्रमागांची वेगळी चौकशी केली तेव्हा परवान्याविना चालणाऱ्या मागांचा प्रश्न समोर आलाच होता. १९७४ साली शिवरामन समितीने तर एक यंत्रमाग सहा हातमाग बंद पाडतो असा हिशेब मांडला. म्हणजे ज्या हातमागाला वाचवण्यासाठी गिरणीला रोखले, तो हातमागही वाचत नव्हता. हे सरकारला सरकारच्याच समितीने, संपाच्या आठ वर्षे आधी सांगितले होते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भिवंडीत चालणारे पुष्कळसे माग हे गिरण्यांनी भंगारात काढलेलेच माग होते. जो साचा परळच्या गिरणीत महागाई भत्ता, भरपगारी रजा आणि फंड असलेल्या कायम कामगाराने चालवला, तोच साचा भिवंडीत पत्र्याच्या शेडमध्ये बारा तासांच्या पाळीवर, कापडाच्या मीटरमागे मिळणाऱ्या मजुरीवर दुसऱ्या कोणीतरी चालवला. यंत्र तेच राहिले आणि त्यामागच्या माणसाचे हक्क तेवढे गळून पडले. गिरणीचे कापड भिवंडीच्या कापडापेक्षा महाग का पडे, याचे उत्तर शोधताना केवळ कामगार संघटनेकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता ‘गिरण्या सोन्यासारख्या चालल्या होत्या’ या विधानाकडे येऊ. १९५८ साली गोदामांत कापडाचे ढीग साचून गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा वस्त्रोद्योग आयुक्त डी. एस. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा चौकशी करावी लागली. साठच्या दशकात आजारी गिरण्यांची यादी इतकी वाढली की १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसी, स्थापन करावे लागले, आणि १९७४ साली संसदेने कायदा करून देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांत मुंबईतला इंडिया युनायटेडचा मोठा समूह होता, नागपूरची मॉडेल मिल होती, अकोल्याची सावतराम मिल होती, बार्शी, नांदेड, चाळीसगाव आणि धुळ्याच्या गिरण्या होत्या. या यादीतली एकही गिरणी सामंतांच्या संपाने आजारी पडलेली नव्हती, कारण तो संप व्हायला अजून आठ वर्षे होती. शिवाय १९६४ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत गिरण्यांना ठरावीक प्रमाणात नियंत्रित दराचे स्वस्त कापड काढावे लागे. त्या धोतर-साड्यांनी गरिबाचे अंग झाकले हे खरेच आहे, पण त्याचा तोटा सरकारी तिजोरीऐवजी गिरणीच्या खात्यावर पडत गेला. काही गिरण्या चांगल्या चालत होत्या, आणि त्यांच्या मालकांनी तो नफा कापड धंद्यात न घालता रसायने आणि सिमेंटसारख्या इतर उद्योगांकडे वळवला. मुंबईच्या उद्योगांचा इतिहास ज्याने चाळला आहे त्याला ही वाट परिचयाची आहे.

‘संपानेच गिरण्या संपल्या’ हे विधान तपासण्याची सोपी रीत अशी, की जिथे संप झालाच नाही तिथे काय झाले ते पाहायचे. अहमदाबादेत १९२० साली स्थापन झालेली मजूर महाजन ही संघटना गांधीजींच्या विचाराने, लवादाने आणि सामंजस्याने चालणारी होती. तिथे १९८२ चा संप नव्हता, तिथे दत्ता सामंत नव्हते. तरीही ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत अहमदाबादेतल्या पन्नासच्या आसपास गिरण्यांना टाळे लागले आणि लाखाच्या वर कामगार घरी बसले. कानपूरच्या म्योर, एल्गिन आणि व्हिक्टोरिया गिरण्यांचे तेच झाले. आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर नागपूरची एम्प्रेस मिल घ्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी देशातल्या उत्तम व्यवस्थापनाचा नमुना मानली जाई. तीही आजारी पडली, १९८६ साली राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ साली कायमची बंद झाली. संप हेच कारण असते तर अहमदाबाद, कानपूर आणि नागपूर वाचायला हवे होते. ते वाचले नाहीत, आणि त्याउलट ज्यांना विणाईवरची बंदी लागूच होत नव्हती अशा कोइमतूर भागातल्या सूतगिरण्या त्याच काळात वाढत गेल्या. कारण कुठे होते ते यावरून स्पष्ट व्हावे.

मुंबईतला कालक्रमही या विधानाला आधार देत नाही. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, पण १९८३ मध्ये बहुतेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. बाकीच्या खाजगी गिरण्यांपैकी बऱ्याच नव्वदच्या दशकापर्यंत, आणि सेंच्युरी व बॉम्बे डाईंगसारख्या तर २००० नंतरही काही वर्षे चालू होत्या. संपाने जे झाले ते वेगळे आणि तितकेच वेदनादायी होते. मालकांनी कामगारांना परत घेताना निवडून घेतले, हजारो जुन्या माणसांना गेटाबाहेर ठेवले, आणि विणाई भिवंडीकडे वळवून तिथल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारण्याची जी पद्धत संपाच्या काळात रुळली ती पुढे चालूच ठेवली. आधीच सुरू असलेली घसरण त्या दीड वर्षात अधिक वेगाने झाली, हे मी नाकारत नाही. नेतृत्वाने तडजोडीची वेळ ओळखली नाही, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. परंतु घसरणीचा वेग वाढवणे आणि घसरण सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तडजोड नको असलेले पक्ष दोन होते. मालकांची गोदामे न विकलेल्या कापडाने भरलेली होती, त्यामुळे संपाचे पहिले महिने त्यांना मुळीच जड गेले नाहीत.

मागण्यांविषयी थोडक्यातच लिहितो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस गिरणी कामगार हा मुंबईतला चांगल्या पगाराचा कामगार होता. १९८० पर्यंत औषध आणि इंजिनिअरिंग कारखान्यांतले कामगार त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उफाळला, तेव्हा वाटाघाटी करण्याचा अधिकार कामगारांच्या मनातल्या संघटनेला नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्या भागातल्या त्या उद्योगात किमान २५ टक्के सभासद दाखवू शकणारी एकच प्रातिनिधिक संघटना सगळ्यांच्या वतीने करार करी, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. हा कायदा रद्द करा ही संपातली एक मुख्य मागणी होती. दुसरी होती बदली कामगारांना कायम करण्याची. माझे धाकटे काका अकरा वर्षे बदली होते. रोज पाळीच्या आधी गेटावर जाऊन उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर मुकादम बोलवी, नाही तर डबा न उघडता घरी परत. महिन्यात कधी वीस दिवस काम लागे, कधी आठ. त्यांचे बदली कार्ड अजून आमच्याकडे आहे. त्याच्या घड्या इतक्या जीर्ण झाल्या आहेत की ते उघडायला भीती वाटते. ‘न झेपणाऱ्या मागण्या’ असे ज्याला म्हटले जाते त्यात ‘मला कायम करा’ ही मागणी होती, एवढे तरी त्या मजकुरात लिहायला हवे.

शेवटचे विधान जमिनींविषयीचे. ‘मालकांपुढे दुसरा मार्ग नव्हता’ असे म्हणताना तो मार्ग कोणत्या नियमाने उघडला आणि कोणत्या नियमाने रुंद झाला हे पाहावे लागते. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग असा भेद मागे टाकला, म्हणजे कानुनगो समितीपासून चालत आलेली चौकट तीस वर्षांनी मोडली. त्याच धोरणाने तग न धरणाऱ्या गिरण्या बंद करण्याची वाटही मोकळी केली. आधुनिकीकरणासाठी निधी उभारला गेला. पण तोवर लालबाग-परळच्या जमिनीचा भाव गिरणीतल्या कापडाच्या कितीतरी पट झाला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरणीची जमीन विकसित करायची परवानगी दिली, ती एका अटीवर. साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला अशी ती वाटणी होती, आणि मिळणाऱ्या पैशातून गिरणीचे आधुनिकीकरण व्हावे आणि कामगारांची देणी भागावीत ही अपेक्षा होती. गिरणगावातल्या ५८ गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. ढोबळ हिशेबाने शहराला आणि घरांना मिळून ४०० एकर यायला हवे होते.

१९९६ साली राज्य सरकारने या जमिनींचा एकत्रित विचार करण्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. म्हणजे ‘चौकशी झाली नाही’ हे इथेही खरे नाही. प्रत्येक गिरणीचे तुकडे वेगवेगळे न पाडता सगळी जमीन एकत्र धरून मोकळ्या जागा, घरे आणि रोजगार यांची आखणी करावी, अशी या गटाची दिशा होती. परंतु त्याला केवळ एनटीसीच्या गिरण्यांत जाऊन पाहणी करता आली. खाजगी मालकांनी आपली दारे उघडली नाहीत. मग २००१ मध्ये नियम ५८ बदलला गेला, आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता ज्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांचे आवार तर छपरांनी व्यापलेले होते. मोकळी जमीन राहिली होती किती? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा बदल कायम केला. त्याआधीच २००५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात एनटीसीने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर आणि मुंबई टेक्सटाइल या पाच गिरण्यांच्या जमिनी विकून दोन हजार कोटींच्या आसपास रुपये मिळवले होते. यातले काहीही संपाने घडवलेले नाही. हे मंत्रालयात नियमाचे शब्द बदलल्याने घडले.

म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी काढली, तेव्हा घरे होती ६ हजार ९२५ आणि अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. संप होऊन तीस वर्षे झाली होती. अर्जदारांत वारसांची संख्या मोठी होती, कारण मूळ कामगारांपैकी बरेच जण तोवर गेले होते. माझ्या काकांच्या नावाचा अर्ज आमच्या काकूने भरला होता, आणि सोबत जोडायला गिरणीचा पुरावा म्हणून त्या घड्यांतले बदली कार्ड जपून उलगडून तिने त्याची झेरॉक्स काढून आणली होती. तो अर्ज अजून यादीत आहे.